बखर विरजण मागणाऱ्या बाईच्या मालकीची

॥ श्री ॥ ज्याने पहिला शब्द केला आणि त्यावर आपले नाव घालणे विसरला, त्यास आधी नमन. ज्यांनी तो शब्द उचलला आणि कोणास पुसले नाही, त्यांस दुसरे नमन, कारण ते पुसत बसते तर ही बखर लिहावयास भाषाच नसती. आता वर्तमान ऐसे जे, राज्याभिषेक शक एकोणीस, विलंबी नाम संवत्सरे, कार्तिक मास चालता हुजुरातून आज्ञापत्र निघाले की, गाणे, गोष्ट, चाल, नक्षी, कोडे, म्हण, जो जे करील ते त्याचे. करतेक्षणीच त्याचे, अर्ज नको, पट्टी नको, त्याच्या हयातीत त्याचे आणि पश्चात त्याच्या वंशाचे. आणि दुसऱ्यास वापरणे तर कर्त्यास पुसून वापरावे, न पुसता वापरील त्याची जीभ सरकारात अटकेत राहील. हे ऐकोन प्रजेस फार संतोष जाहला. दवंडीवाल्यास लोकांनी सुपारी दिली, आणि मग दवंडीवाल्यानेच पहिल्याने विचारले की, "ऐका हो ऐका" हे कोणी केले?

कोणास ठाऊक नव्हते. मग राज्यात हळूहळू असे जाहले की, बाई पाळणा हलवी, तोंड उघडी, आणि थांबून सासूकडे पाही, आणि सासू म्हणे, "माझ्या सासूने म्हटले होते बाई, तिने केले की तिच्या सासूने, कोण सांगणार?" मग दोघी मुकाट्याने दोरी ओढीत आणि मूल डोळे उघडे ठेवून निजे. भजनी मंडळी देवळात येत, टाळ हातांत घेत, दोन टाळांत बोटभर अंतर ठेवून तासभर बसत आणि उठून जात. भाजीवाली आरोळी कोणाची हे न कळोन टोपली घेऊन दारासमोर उभी राही आणि नुसती पाहत राही, तेव्हा लोक भिऊन भाजी घेत. एका घरी म्हातारा वारला, तर सुना तोंडास पदर लावून बसल्या. रडावयाचे बोल कोणाचे याचा निकाल लागेना. प्रेताने दोन घटका वाट पाहिली आणि मग ते उठले, म्हणजे उचलले गेले. कर्त्यांचे वंशज शोधावयास स्वार पाठविले, ते एका आरतीच्या मागे लागून सात गावे हिंडले आणि शेवटी एका पडक्या ओट्यापाशी येऊन थांबले. तेथे कोणी नव्हते. स्वारांनी ओट्यासच विचारले, आणि परत येऊन सांगितले की, ओटा काही बोलत नाही.

तेव्हा दरबार भरला. अमात्य म्हणाले, "महाराज, शेतास सारा असतो म्हणोन कळते की शेत कोण कसतो. जो सारा भरीत नाही त्याचे शेत पड समजोन गायरान करितो, आणि गावची गुरे चरतात. तैसेच करावे. ज्यास आपल्या वस्तूचा लोभ आहे त्याने ती नोंदवावी, दरसाल पट्टी भरावी. ज्यास लोभ नाही, किंवा जो मेला, त्याची वस्तू सर्वांची. निदान प्रेतापुढे रडता तरी येईल." त्यावर राजगुरू म्हणाले, "अमात्य, शेतात दाणा आधी पिकतो आणि सारा मग द्यावा लागतो. कवीच्या डोक्यात पिकले ते बाजारात विकेलच, हे कोणी सांगितले? सावकार हजार टाकाऊ ओळी नोंदवील, आणि ज्याच्या घरी तवा उपडा आहे त्याची एक चांगली ओळ तुमची गुरे खातील." सभा दोहों बाजूंस डोलली. महाराजांच्या दाढेत त्या समयी सुपारीचे खांड अडकले होते, त्यामुळे मसलत लांबवावी ऐसा विचार नव्हता. ते म्हणाले, "दोघेही बरोबर बोलता. पट्टी बसवा." अमात्यांनी पुसले, "किती, महाराज?" महाराज म्हणाले, "पहिल्या वर्षी कळू नये इतकी. मग कळू द्यावी."

आता चांगोजी कथेकरी याचा मजकूर. हा पेठेच्या वेशीबाहेर राहात असे, घरी बायको भिवराबाई आणि एक म्हैस, मूलबाळ नाही. गोष्टी सांगून पोट भरी. पुष्कळ गोष्टी सांगे, पण त्या आजोबा-पणजोबांच्या, स्वतःची म्हणावी ऐसी त्याने उभ्या जन्मात एकच केली होती, आणि ती ऐसी की, दिवेलागणीस एक बाई दाराशी येते, डोईवर पदर, हातात रिकामी वाटी, आणि म्हणते, "विरजण आहे का हो?" आता तिन्हीसांजेला विरजण देऊ नये हे तर पोरासही ठाऊक. पण बाई गोड बोलते, आणि घरधनीण भिडेस पडोन चमचाभर देते. दुसऱ्या दिवशी त्या घरचे दूध लागत नाही. मग तूप थिजत नाही. मग भिंतीस दिलेला गिलावा ओलाच राहतो. आणि मग घरातले एक माणूस लागत नाहीसे होते. हाक मारावी तर उशिरा येते, मग निम्मेच येते, मग ओ येते पण माणूस येत नाही. इतकीच गोष्ट. पण चांगोजी ती सांगे तेव्हा ऐकणाऱ्या बाया घरी जाऊन आधी दह्याचे मडके झाकीत. ही गोष्ट त्याच्या अंगाची होती. भिवराबाई म्हणे, "मूल जाहले असते तरी त्याचे एवढे कौतुक करते ना."

ती गोष्ट आज्ञापत्राच्या आधीच सखोजी फडकरी याने उचलली होती. सखोजीकडे ढोलकी, पडदा, पाच माणसे, त्याने बाईचे काम मिशा काढलेल्या गड्यास दिले, वाटी चांदीची केली, आणि गावोगाव लोक चांगोजीस म्हणू लागले, "बोवा, तुम्ही सांगता ती गोष्ट आम्ही सखोजीची पाहिली. तुम्हीही बरी सांगता हो." हे वाक्य चांगोजीस भाल्यासारखे लागे. म्हणोन कर्तेदप्तर उघडल्याचे वर्तमान येताच तो म्हणाला, "मी नोंदवतो. गोष्ट माझी, हे एकदा सरकारने म्हणावे." भिवराबाई म्हणाली, "म्हणू दे की. सरकार म्हणाले म्हणजे सखोजीची ढोलकी फुटेल होय?" तो म्हणाला, "ढोलकी न फुटो. पण गोष्ट कोणाची, ते कळो." मग तिने धुतलेला अंगरखा काढून दिला.

कर्तेदप्तर जुन्या पीलखान्यात थाटले होते, कारण हत्ती विकून जाहले होते. तेथे यादोपंत दप्तरदार बसत. सज्जन माणूस, आवाज कधी चढवला नाही आणि नियम कधी उतरवला नाही. रांगेत एक बाई ताटात रांगोळी घेऊन श्वास धरून उभी होती, आणि एक गृहस्थ आपली शिंक नोंदवावयास आले होते, ती त्यांची पाळी आली तेव्हा येईना. चांगोजीची पाळी आली. यादोपंत म्हणाले, "वस्तू?" हा म्हणाला, "गोष्ट. भुताची." "नमुना?" "सांगतो की, बसा." यादोपंत म्हणाले, "सांगाल ते वर्णन. आम्हांस नमुना लागतो. काल एकजण नव्या तऱ्हेच्या मोदकाचे वर्णन घेऊन आला होता, त्यास परत पाठविले. मोदक आणला, मग नोंद जाहली." चांगोजी म्हणाला, "पंत, मोदक असतो! ही बाई नाही. मी केली ती." यादोपंतांनी लेखणी खाली ठेविली आणि फार सौम्यपणे म्हणाले, "चांगोजीबोवा, केली तर ती आहे. नसेल तर नोंदवता काय? मी सरकारात लिहू काय की, अमुक इसमाने एक नसलेली बाई दाखल केली? बाजूस बसा. नमुना आला की हाक मारा." मग चांगोजी भिंतीशी बसला. रांग सरली, रांगोळीवाली गेली, शिंकवाले गृहस्थ उद्या येतो म्हणोन गेले. शिपायाने दिवे लावले आणि तो तेलाचे भांडे ठेवावयास आत गेला. तेव्हा दाराशी कोणी बोलले, "विरजण आहे का हो?"

यादोपंत मान वर न करता म्हणाले, "बाई, ही कचेरी आहे, गोठा नव्हे." मग त्यांनी मान वर केली आणि मग त्यांनी लेखणी उचलली नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी होती. विटके लुगडे, डोईवर पदर, वाटी. हे सर्व चांगोजीने शंभर वेळा सांगितले होते. पण पदराआड तिच्या डाव्या कानात कुडी होती आणि उजवा कान मोकळा होता, आणि हे त्याने कोणास कधी सांगितले नव्हते. गोष्ट जुळविताना मनात आले होते आणि बोलण्याच्या ओघात राहून गेले होते. त्याच्या पाठीवर भिंत गार लागू लागली. यादोपंत घसा साफ करून म्हणाले, "बाई, तुमचा कर्ता हाच काय?" तिने चांगोजीकडे बराच वेळ पाहिले, जैसे माहेरचे माणूस पुष्कळ वर्षांनी भेटावे, आणि म्हणाली, "हाच. याने मला वाटी दिली, आणि वाटीत काही दिले नाही." यादोपंतांनी लिहिले: नमुना हजर. कर्ता रुजू. तक्रार किरकोळ. मग शिक्का मारिला आणि म्हणाले, "पट्टी भरा. वस्तू तुमची जाहली. ताबा कर्त्याकडे, घेऊन जावी."

चांगोजी पुढे आणि ती मागे, ऐसे दोघे पेठेतून चालले. त्याने मागे पाहिले नाही. पावलांचा आवाज एकाचाच येत होता आणि तो आपलाच आहे की नाही, याची त्यास खात्री होईना. भिवराबाई दारात दिवा घेऊन उभी होती. ती म्हणाली, "लोक नोंद करून कागद आणतात. तुम्ही बाई आणलीत." इतक्यात ती बाई उंबऱ्यापाशी येऊन म्हणाली, "विरजण आहे का हो?" भिवराबाई म्हणाली, "नाही. आणि असते तरी नाही." ती म्हणाली, "बरं," आणि उभी राहिली, दिव्याची वात सारीपर्यंत होती, वात सारून पाहावे तो नव्हती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस पुन्हा आली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी भिवराबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "अगो, जन्मभर आमच्याच दारी उभी राहणार काय? गाव एवढा मोठा आहे. पुढच्या दारी जा." ती म्हणाली, "पुढच्या दारी माझे काही नाही. माझी नोंद इथली."

तेव्हा चांगोजीस नोंदणी म्हणजे काय ते उमगले. पूर्वी ती सर्वांची होती, तेव्हा सर्वांच्या मडक्यावर झाकण होते आणि ती कोणाच्या दारी नव्हती. आता कागदोपत्री त्याची जाहली, तेव्हा त्याच्याच दारी आली. परंतु खोटे का लिहावे, त्यास अभिमानही वाटला. आपण केलेली वस्तू दाराशी उभी आहे, ऐसे भाग्य कोणा कवीस लाभले? संध्याकाळ जवळ आली की तो अंगरखा घालून ओट्यावर बसू लागला. भिवराबाईने हे पाहिले आणि दह्याचे मडके आतल्या खोलीत नेऊन ठेविले.

सखोजीस ताकीद गेली. तो एके दुपारी आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, "चांगोजीबोवा, तुमची गोष्ट मी मोकळी चारली होती. तुम्ही ती दावणीस बांधलीत. बांधा, तुमची आहे. पण म्हैस बांधली तर निदान वैरण तरी घालता." चांगोजी म्हणाला, "तू चोर आहेस." सखोजी म्हणाला, "आहेच. पण चोराच्या घरी तिला हजार माणसे पाहायला येत. धन्याच्या घरी किती येतात?" आणि हे खरे होते. चांगोजीकडे लोक येईनासे जाहले होते. ज्याची बाई खरोखर मागून येते त्याची गोष्ट ऐकावयास कोण बसेल? इतरांस सांगावयाची मनाई, आणि ज्यास मोकळीक त्याच्याकडे ऐकणारा नाही. पोरे ती गोष्ट विसरली. बाया तिन्हीसांजेस मडकी झाकीनाशा जाहल्या. आणि इकडे ती दाराशी येई ती दर महिन्यास थोडी उणी येऊ लागली. आधी लुगड्याचा रंग गेला, मग पदराची कड गेली, मग ऐसे जाहले की तिच्या आरपार गोठ्यातली म्हैस दिसे, आणि म्हैस तिकडून तिच्या आरपार चांगोजीकडे पाही.

एके दिवशी भिवराबाई देवळात गेली असता चांगोजीने दाराशी आलेल्या त्या बाईस विचारले, "तू ऐसी का होत्येस?" ती म्हणाली, "आटत्ये." तो म्हणाला, "मी रोज मनात सांगतो तुला. एक शब्द सोडीत नाही." ती म्हणाली, "पूर्वी मी हजार तोंडांत होते. कोणी मला उंच करी, कोणी काळी, कोणी माझ्या पायांत जोडवी घाली. आता एका तोंडात आहे आणि तेही मिटलेले. थोडे विरजण द्या. चमचाभर." आवाज इतका गोड होता की तो उठून आतल्या खोलीपर्यंत गेला. मडक्यावर हात ठेविला. मग त्यास आठवले की ही भीड, हा गोडवा, हा चमचा, हे सर्व आपणच घातले आहे, आणि तो तेथेच भिवराबाई येईपर्यंत मडक्यावर हात ठेवून उभा राहिला. दुसरे कोणी असते तर फसते. तो आपल्या कारागिरीस भ्याला म्हणोन वाचला.

इतक्यात वर्ष भरले. पट्टी, महाराजांनी म्हटल्याप्रमाणे, कळू लागली होती. भिवराबाई म्हणाली, "भरू नका. सुटू दे. हजार दारांत वाटली म्हणजे एकेका दारी चिमूटभर येईल, कोणाचे काही बिघडायचे नाही. विरजण ते काय, शेजारणीकडचे आपल्याकडे आणि आपल्याकडचे तिच्याकडे. मूळचे कोणाचे, ते ब्रह्मदेवास ठाऊक नाही." चांगोजी म्हणाला, "सुटली की सखोजीची होईल." ती म्हणाली, "होऊ दे." तो म्हणाला, "मग माझे काय राहिले?" ती म्हणाली, "मी राहिल्ये," आणि हे बोलताना तिने तोंड फिरविले. चांगोजीस हे ऐकू आले आणि न आल्यासारखे जाहले. कित्येक पुरुषांचा जन्म या एका बहिरेपणात जातो. तो म्हणाला, "पट्टी भरतो."

घरात रोकड नव्हती, पण कर्तेपट्टी ऐनजिनसी चाले. धान्य, गूळ, तूप, ज्याच्या घरी जे असेल ते. म्हणोन भिवराबाईने दही लावले. तिचे दही ऐसे की मडके उपडे केले तरी खाली पडावयाचे नाही. डोक्यावर देताना म्हणाली, "उजेड असता जा, उजेड असता परत या. दही घेऊन तिच्या पुढ्यात उभे राहू नका." हा उजेड असताच गेला. पण वर्षाचा शेवटचा दिवस, राज्यातले सर्व कर्ते त्याच दिवशी जागे जाहलेले; रांग पीलखान्याबाहेर तळ्यापर्यंत गेलेली. चांगोजीची पाळी आली तेव्हा शिपाई दिवे लावीत होता. यादोपंतांनी दही पाहिले, बोट लावून चाखले, म्हणाले, "उत्तम. पट्टी पोहोचली, सरकारजमा. आता नमुना." आणि नमुना दाराशी होताच. होता म्हणावयाचा, दाराच्या चौकटीत संध्याकाळ थोडी घट्ट दिसत होती इतकेच. यादोपंतांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बोवा, गतवर्षी नमुना ठसठशीत होता. हा निम्माही नाही. वस्तू नाहीशी जाहली तर पुढल्या साली पट्टी कशावर घेणार?"

तेव्हा ती बोलली, "पंत, मी आटत्ये. मी आटले तर नमुना आटला. विरजण आहे का हो?" चांगोजी ओरडला, "पंत, देऊ नका! तिन्हीसांज आहे!" यादोपंत म्हणाले, "बोवा, मी माझ्या घरचे थोडेच देतो? माझे घर वाड्याच्या मागे आहे, तेथले मडके शाबूत आहे. हे दही सरकारजमा जाहले. सरकारचा नमुना राखावयास सरकारचे दही द्यावे, यात गैर काय?" चांगोजी म्हणाला, "ज्या घरचे देतात त्या घरास लागते, पंत! सरकारचे दिलेत तर..." यादोपंत हसून म्हणाले, "सरकार म्हणजे काय घर आहे?" आणि त्यांनी पळीने दही काढिले. चांगोजीने हात धरावयास धाव घेतली, पण शिपायाने त्यासच धरिले, कारण दप्तरदारांच्या अंगास हात लावणे हा गुन्हा होता. दही वाटीत पडले. ते पडल्याचा आवाज जाहला नाही. बाई क्षणात कुडीसकट लख्ख दिसू लागली, चांगोजीकडे वळून तिने मान लववली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी राज्यात कोठेही दही लागले नाही. बायांनी मडक्यांस दोष दिला, मडकीवाल्याने म्हशींस दिला. मग तूप थिजेना. मग कचेऱ्यांत शाई वाळेना, आज्ञापत्र उभे धरिले की अक्षरे खाली ओघळून एका ओळीत बसत, आणि तरी लोक ते वाचून पूर्वीइतकेच पालन करीत, यावरून पूर्वी किती करीत ते कळते. मग लाखेचे शिक्के बसेनात. किल्ल्याचा नवा बुरूज चुन्यात बांधला, तो पहाऱ्यासकट सावकाश खंदकात उतरला. मग माणसे. यादोपंतांस हाक मारावी तर उशिरा येत, मग निम्मे येत. निम्म्यानेही त्यांनी महिनाभर नोंदी केल्या, कारण माणूस प्रामाणिक होता. मग महाराज. आधी महाराजांचा आवाज सिंहासनावर येई आणि मागून महाराज येत. मग नुसता आवाज येऊ लागला. दरबार त्यास मुजरा करी. तीन मास ऐसे चालले आणि कामकाजात कोणास उणे भासले नाही. मग आवाजही पातळ जाहला. शेवटी मुनशी राज्याचे नाव लिहावयास बसला, तर नाव कागदावर टिकेना. तोंडाने सांगावे तर जिभेवरून निसटे. म्हणोन या बखरीत ते नाव नाही, याबद्दल वाचकांनी राग मानू नये.

चांगोजी रोज संध्याकाळी ओट्यावर अंगरखा घालून बसे. ती आली नाही. तिला आता सर्व राज्य होते. भिवराबाई एक दिवस त्याच्याजवळ येऊन बसली, आणि त्याने तिचा हात धरिला, आणि तो हात हातात लागावयास एक क्षण उशीर लागला. तेव्हा चांगोजी फार भ्याला. जन्मात भुताच्या गोष्टी सांगून इतका कधी भ्याला नव्हता. ती म्हणाली, "घाबरू नका. नदीपलीकडे दुसऱ्याचे राज्य आहे. तिथले विरजण आणा. नवे विरजण लागले की सर्व लागेल." "लागेल?" तो म्हणाला. ती म्हणाली, "गोष्ट तुमची. तुम्ही सांगा." त्यास सांगता येईना. गोष्टीत पुढचे त्याने काही केलेच नव्हते.

मग तो वाटी घेऊन निघाला. लवकर निघाला होता, पण नावाडी उशिरा आला, आणि मग निम्माच आला, त्यामुळे नदी उतरावयास दिवस गेला. पलीकडच्या काठी पहिले घर होते. आत नुकताच दिवा लागला होता. चांगोजी दाराशी उभा राहिला आणि दुसरे शब्द सुचेनात म्हणोन म्हणाला, "विरजण आहे का हो?" कडेवर मूल घेतलेली एक बाई दाराशी आली, आणि त्यास पाहोन एक पाऊल मागे सरली. म्हणाली, "अहो, या वेळेस? आमच्यात एक गोष्ट सांगतात, ठाऊक नाही काय?" चांगोजीने वाटी खाली घेतली. वर्षानंतर दुसऱ्याच्या तोंडून ती ऐकावयास मिळत होती. म्हणाला, "सांगा की, बाई." मग तिने दाराआडून सांगितली. ढोलकी नाही, पडदा नाही, पण मधे एक जागा तिने ऐसी घेतली की ती चांगोजीस आयुष्यात सुचली नव्हती, आणि त्याच्या अंगावर काटा आला. फक्त तिच्या गोष्टीत बाई नव्हती. एक म्हातारा होता, नदीपलीकडून येणारा.

"झकास आहे," चांगोजी म्हणाला. ती हसली, भीड थोडी मोडली, म्हणाली, "माझ्या भावजयीने सांगितली. कोणी केली कोण जाणे. तुम्ही पलीकडचे ना? तुम्हांस ठाऊक आहे, कोणाची ते?" चांगोजी उभा राहिला. माझी, म्हणावे, तर ज्याच्या गोष्टीत म्हातारा वाटी घेऊन येतो तोच वाटी घेऊन आला म्हणोन दार लागेल. माझी, हा एकच शब्द त्याने जन्मभर जपला होता, त्यासाठी शिक्का घेतला होता, त्यासाठी बायकोचे बोलणे ऐकले नव्हते. त्याने वाटीकडे पाहिले. मग म्हणाला, "कोणाची नाही, बाई. गायरान आहे. ज्यास हवी त्याने सांगावी." आणि हे बोलोन त्यास हलके वाटले, फारच हलके. बाई म्हणाली, "मग बरे," आणि आत जाऊन चमचाभर विरजण आणोन वाटीत घातले. ते पडल्याचा आवाज जाहला की नाही, याकडे दोघांचेही लक्ष नव्हते. मूल मात्र कडेवरून त्याच्या आरपार नदीकडे पाहात होते.

येणेप्रमाणे हकीकत. पट्टी नव्हती तेव्हा राज्य मुके जाहले, पट्टी बसली तेव्हा राज्य पातळ जाहले. दोहोंत बरे कोणते, याचा निर्णय सुज्ञांनी करावा, आम्हांस त्या कामाचा तनखा नव्हता. भिवराबाईचे दही पुढे लागले ऐसे ऐकिवात आहे. नदीपलीकडच्या त्या बाईचे दूध दुसऱ्या दिवशी लागले की नाही, हे समजले नाही, कारण तिकडले दप्तर आम्हांस खुले नाही, आणि हल्ली तिकडून हाकेस ओ उशिरा येते. ही बखर कोणी केली हे लिहिले नाही आणि कोठे नोंदविलेली नाही. ज्यास हवी त्याने न्यावी. फक्त दिवेलागणीच्या आधी न्यावी.